तुमचं बेट आणि आईचं बेट

पत्र:

माझे वडील दीपगृहावर नोकरीला होते. मी पाच वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत आम्ही एका छोट्या बेटावर राहिलो. तीन कुटुंबं, पावसाच्या पाण्याची एक टाकी आणि पंधरवड्यातून एकदा सामान घेऊन येणारी लाँच. दिवसभर बाहेर उंडारायची मोकळीक होती, कुणी हाक मारायचं नाही. रात्री झोपताना भिंतीवरून दिव्याचा उजेड सरकत जायचा, तो अजून डोळे मिटले की दिसतो. आता मी सत्तावन्न वर्षांची आहे. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. हल्ली मला त्या बेटाशिवाय दुसरं सुचत नाही. दीपगृह स्वयंचलित झालंय, क्वार्टर्समध्ये कुणी राहत नाही, छपरं पडली आहेत असं कळतं. रीतसर परवानगी काढून जाता येतं. मिस्टर म्हणतात, "पडक्या भिंती बघायला एवढा खटाटोप कशाला?" मुलगी फोनवर उपग्रहाचा नकाशा काढून दाखवते, "हे बघ, झालं दर्शन." धाकट्या भावाला यायचंय, पण त्याला ड्रोन उडवून व्हिडिओ करायचाय. आई त्र्याऐंशीची आहे. विषय काढला की उठून आत जाते. एकदाच म्हणाली, "त्या जागेचं नाव काढू नकोस माझ्यासमोर." मी जावं का? गेले आणि मनातलं बेट मोडलं तर? आणि आईला सोबत नेलं तर तिचाही राग निवळेल असं मला वाटतं. ते बरोबर आहे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. आईंना मात्र नेऊ नका, निदान त्यांचा राग घालवायला म्हणून तरी नाहीच. आणि निघण्याआधी एक काम उरकून घ्या. त्या कामाकडे येतेच, पण आधी तुमच्या भीतीचं बघू.

'मनातलं बेट मोडेल' असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ते अजून जसंच्या तसं, हात न लागलेलं आत कुठेतरी आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं हो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडून ठेवलंय की आठवताना माणूस जुनं चित्र नुसतं बाहेर काढत नाही, दर वेळी ते नव्याने जुळवतो, आणि जे निसटलं असेल ते आपल्या समजुतीने भरून काढतो. तुम्ही तर हे बेट पंचेचाळीस वर्षं आठवताय. शाळा बदलली तेव्हा आठवलं असेल, सासरी पहिल्यांदा एकटं वाटलं तेव्हा आठवलं असेल, मुलीला झोपवताना आठवलं असेल. दर वेळी त्यात थोडी भर पडली, थोडं गळालं. ती आठवण तुम्ही जपून ठेवलेली नाही, वापरून ठेवली आहे. वापरातली वस्तू अशी एका फेरीत फुटत नाही.

पाऊल ठेवल्यावर हिरमुसायला मात्र होईल, तेवढी तयारी ठेवा. सात वर्षांच्या मुलीची उंची सरासरी १२० सेंटिमीटर असते. तुम्ही ते सगळं त्या उंचीवरून पाहिलंय, आणि दोन पावलांतलं अंतरही त्या पायांनी मोजलंय. ज्या भिंतीवर चढायला कुणाचा तरी खांदा लागायचा ती कमरेइतकी निघेल. दिव्याकडे जाणारी ती लांबच लांब चढण पाच मिनिटांत संपेल. "एवढंसंच होतं?" असं तोंडून निघेलच. पहिल्या अर्ध्या तासात जे काही वाटेल त्यावर कसलाही निकाल देऊ नका, आणि त्या अर्ध्या तासात घरी फोन तर मुळीच करू नका, कारण पलीकडून "मी म्हटलं नव्हतं?" हेच ऐकू येईल.

मिस्टरांना सांगायला एक गोष्ट देते. अमेरिकेत जेरी बर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बालपणीचं घर बघायला गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. तिशी ओलांडलेल्या अमेरिकनांपैकी साधारण एक तृतीयांश लोक असं कधी ना कधी जाऊन आलेले असतात, असं त्याला आढळलं. आणि हे लोक बहुतेक करून माणसांना भेटायला जात नाहीत, जागेला भेटायला जातात. तेव्हा तुमचं काही जगावेगळं चाललेलं नाही. मुलीच्या उपग्रहाबद्दल एवढंच म्हणेन, की वरून पाहिलेलं बेट तुम्ही कधी ओळखतच नव्हता. तुम्हाला ते खालून ठाऊक आहे.

या ओढीला एके काळी दुखणं मानायचे. योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझलला आपल्या प्रबंधात घरापासून लांब राहिलेल्या माणसांचा आजार म्हणून तिचं वर्णन केलं होतं, आणि पुढे बराच काळ स्विस सैनिकांच्या बाबतीत डॉक्टर लोक ते गंभीरपणे घेत असत. आता चित्र उलटलंय. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले संशोधक गेली वीस वर्षं याच विषयावर काम करताहेत. त्यांना असं दिसलं की माणूस एकटा पडला, खचला की अशा आठवणी जास्त उसळतात, आणि त्या आल्या की आपण कुणाचे तरी आहोत ही भावना पुन्हा जरा भक्कम होते. थोडक्यात, तुम्हाला काही झालेलं नाही. म्हणजे, झालंय ते वेगळंच.

तुमच्या पत्रात "बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली" हे वाक्य तुमचं वय आणि तुमची तगमग यांच्या मधे चेपून बसलंय. दीपगृह स्वयंचलित होऊन बरीच वर्षं झाली असणार. क्वार्टर्स काही काल रिकाम्या झाल्या नाहीत. मग ओढ आत्ताच का लागली? दिवा सांभाळणारा माणूस गेला, म्हणून दिवा आठवतोय. इतकं सरळ आहे ते. जाताना हे माहीत असू द्या. बेटावर कुठेतरी रडू फुटेल, कदाचित अगदीच फुटकळ ठिकाणी, एखाद्या कोयंड्यापाशी नाहीतर जिन्याच्या झिजलेल्या पायरीपाशी. ते पडक्या घरासाठी आहे असं समजून स्वतःवर चिडू नका.

आता आईंकडे येते. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे, आणि तुम्ही तो शेवटी, घाईघाईत लिहिलाय.

तुम्ही सात वर्षांच्या होतात तेव्हा आई तेहेतीस वर्षांच्या होत्या. तुम्ही लिहिलंय, दिवसभर उंडारायची मोकळीक होती, कुणी हाक मारायचं नाही. ही मोकळीक आली कुठून? दीपगृहावरच्या माणसाची पाळी रात्रीची असते. दिवा लावायचा, रात्रभर त्याच्यावर नजर ठेवायची, पहाटे विझवायचा. म्हणजे तुमचे बाबा बऱ्याचदा दिवसा झोपत असणार, आणि खोल्या असून असून किती? दोन धडधाकट पोरं घरात ठेवून रात्रभर जागलेल्या माणसाची झोप होत नाही. तेव्हा आईंनी तुम्हाला बाहेर पाठवलं, आणि हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर ते उठले असते. मग एका बाईने खिडकीतून, आवाज न करता, कड्याच्या काठावर खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवायची. रोज. सात वर्षं.

टाकीचं बघा. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस झाला की हजार लिटर पाणी मिळतं, तेही थेंब न थेंब टाकीत उतरला तर. पहिल्या पावसाचं तर सोडूनच द्यावं लागतं, कारण छपरावर पक्ष्यांची विष्ठा आणि खारट धूळ साचलेली असते. त्या टाकीवर तीन कुटुंबं. कोरडे महिने लागले की टाकीत किती उरलंय याचा हिशेब कुणाच्या डोक्यात चालत असेल? झाकण सरकवून आत काठी सोडायची, काठी किती ओली झाली ते बघायचं, आणि मग ठरवायचं की आज कपडे धुवायचे की नाहीत. तुम्ही खारट पाण्यात दिवसभर खेळून आलात की तुम्हाला गोड्या पाण्याने विसळून काढायचं की तसंच झोपवायचं, हा प्रश्न त्यांना रोज संध्याकाळी पडत असणार. तुमच्या पत्रात टाकी एका शब्दात आटपली आहे. आईंना विचारलंत तर तासभर पुरेल.

बेटांच्या इतिहासात ही भांडणं नवी नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचा एक द्वीपसमूह आहे. तिथली माणसं कमी कमी होत शेवटी ३६ उरली. त्यांनीच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी त्यांना बोटीने हलवण्यात आलं. निघताना दर घरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवून ती माणसं निघाली. त्यांच्यातलेच काही जण पुढची काही वर्षं उन्हाळ्यात परत येऊन राहायचे. उलट दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कून्या बेटावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, सगळ्या रहिवाशांना इंग्लंडला नेलं, घरं दिली, कामं दिली. दोन वर्षं इंग्लंडातला संसार करून बघितल्यावर बहुतेकांनी परत जायचंच म्हटलं आणि १९६३ मध्ये गेलेही. एकीकडे जागा सुटावी म्हणून अर्ज, दुसरीकडे जागा मिळावी म्हणून आग्रह, आणि सेंट किल्डाच्या बाबतीत तर दोन्ही एकाच गावात. तुमच्याकडे ते एकाच घरात आहे, एवढाच फरक.

म्हणून आईंचा राग 'निवळायला हवा' हे मला पटत नाही. तो काही गैरसमज नव्हे, की जागा पुन्हा दाखवली आणि दूर झाला. त्या जागेबद्दल त्यांचं जे मत आहे ते त्यांनी सात वर्षं राबून कमावलंय. शिवाय त्र्याऐंशीव्या वर्षी हलत्या लाँचवरून शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरायचं म्हणजे काय, याचा विचार करा. लाट लाँचला वर उचलते तेव्हा पाऊल टाकायचं असतं, क्षणभर उशीर झाला तर पायरी कमरेच्या वर जाते. हे तुम्हाला सत्तावन्नाव्या वर्षीही जड जाईल.

तर ते काम. निघण्याआधी आईंशी बोला, पण "तुला तिथली आठवण येते का" असं विचारू नका. या प्रश्नाला त्या उठून आत जातील. कामाचं विचारा. टाकीतलं पाणी कधी आटलं होतं का? लाँच आली नाही तर काय करायचीस? भावाला ताप आला तेव्हा काय केलंस? बाबांची पाळी असायची तेव्हा रात्री तुला झोप लागायची का? एका बैठकीत एकच विचारा. हाताला काही काम असताना विचारा, समोर बसून वहीपेन घेऊन नाही. आणि काहीही झालं तरी "पण आम्हाला तर किती मजा यायची" हे वाक्य गिळून टाका. तुमची मजा त्यांना ठाऊक आहे. ती त्यांनीच तर उभी केली होती.

होऊ शकतं की त्या काहीच सांगणार नाहीत. किंवा असं काही सांगतील जे ऐकून तुम्हाला जावंसंच वाटणार नाही. एखादं आजारपण, एखादं मूल जे राहिलं नाही, शेजारच्या कुटुंबाशी झालेलं काही. लहान बेटावर तीन कुटुंबं म्हणजे भांडण झालं तर जायला दुसरी गल्लीही नाही. सांगितलं तर ऐका, लगेच सांत्वन करू नका, आणि जायचा बेत त्यासाठी रद्द करू नका. नाहीच बोलल्या तर "मी जाऊन येते" असं स्पष्ट सांगून निघा. चोरून जाऊ नका. त्र्याऐंशी वर्षांच्या आईला लेकीने काय लपवलंय ते कळतं, आणि मग दोघींच्या मधे बेटाशिवाय आणखी एक गोष्ट येऊन बसते.

बोलल्या तर त्यांच्याकडून एखादं काम घेऊन जा. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांना १९६८ ते १९७३ या काळात तिथून काढून लावलं, डिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता म्हणून. २००६ मध्ये त्यांच्यातल्या सुमारे शंभर जणांना थोडक्या वेळासाठी बेटं बघायला नेलं. त्यांनी तिथे काय केलं? पूर्वजांच्या कबरींवर गेले, साफसफाई केली, प्रार्थना केली. त्यांच्यावर झालेला अन्याय आणि तुमची बदली यांची बरोबरी करता येणार नाही, करूही नये. पण इतक्या वर्षांनी जागेवर पोचलं की हाताला काम लागतं, हे मात्र त्यातून घेण्यासारखं आहे. नाहीतर माणूस नुसता उभा राहतो, फोटो काढतो आणि निघतो. टाकी अजून आहे का, आत पाणी आहे का, आई जिथे कपडे वाळत घालायच्या ती दोरीची कडी भिंतीत आहे का, असलं काहीतरी बघून येण्याचं काम घ्या. मोजपट्टी न्या वाटल्यास. हसू नका, खरंच न्या.

बाकीचं भराभर सांगते. बेटावर किमान एक पूर्ण भरती-ओहोटी राहता येईल असा बेत आखा. एका ओहोटीपासून दुसऱ्या ओहोटीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. तुमच्या आठवणीतलं निम्मं बेट ओहोटीतच उघडं पडणारं असणार, ते खडक, ती डबकी. दोन तास थांबणाऱ्या लाँचने गेलात आणि नेमकी भरती असली तर ते पाण्याखालीच राहील. भरतीची वेळ दर दिवशी पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा तारीख ठरवताना तक्ता बघा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटी खोल जाते, हेही लक्षात घ्या. अर्थात उधाणात उतरणं अवघड असेल तर लाँचवाला सांगेल ते ऐका, माझं नको.

रात्री राहायची परवानगी मिळाली तर सोनं झालं. नाही मिळाली तर अंधार पडेपर्यंत थांबून समुद्रातून तरी दिवा बघा. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाला स्वतःची लय असते, किती सेकंदांनी किती झोत, आणि ती नाविकांच्या अधिकृत यादीत छापलेली असते. माणूस काढून घेतल्यावरही ही लय पुष्कळदा तीच ठेवतात, कारण जहाजं तीवरूनच दीपगृह ओळखतात. मात्र जुनं फिरतं भिंग काढून नवा दिवा बसवला असेल, तर झोत सरकणार नाही, नुसता लुकलुकेल. यादीतली लय आधी बघून ठेवा, म्हणजे तिथे जाऊन अवचित मन खट्टू व्हायला नको.

घरात शिरू नका. पडकं छप्पर, खाऱ्या हवेने गंजलेल्या सळया, त्यांच्यावर भरवसा नाही. दारातून बघा. आणि ते घर कधीच तुमचं नव्हतं, हेही डोक्यात असू द्या. तुमच्या आधी तिथे कुणी राहत होतं, तुमच्यानंतरही राहिलं. त्यांच्यातलंही कुणी सत्तावन्न वर्षांचं होऊन हेच बेट आठवत असेल. भिंतीवर कुणी कोळशाने उंचीच्या खुणा केलेल्या दिसल्या तर त्या तुमच्याच असतील असं नाही.

भावाला न्या. तो धाकटा आहे, त्यामुळे सुरुवातीची वर्षं त्याला जवळजवळ आठवणार नाहीत, आणि जे आठवेल ते तुमच्याशी जुळणार नाही. शेळी होती की नव्हती यावरून लाँचवर वाद घालत बसू नका. ड्रोन मात्र घरी ठेवायला सांगा. दीपगृहांच्या आवारात त्याला परवानगी लागते, ती सहसा पटकन मिळत नाही, आणि पक्ष्यांची वीण सुरू असेल तर त्यांनाही त्रास. शिवाय ड्रोन उडवणारा माणूस दिवसभर वर बघतो.

मिस्टरांना यायचं असेल तर येऊ द्या, पण त्यांना आधी सांगा की उतरल्यावर पहिला तास मला एकटीला फिरू दे. त्यांनी धक्क्यावर बसून डबा उघडला तरी चालेल. परवानगीच्या अर्जाला वेळ लागतो, तेव्हा समुद्र शांत असतो त्या महिन्यांच्या बराच आधी तो टाका, आणि अर्जात वडिलांचं नाव, हुद्दा आणि तिथे होते ती वर्षं लिहा. बाबांची जुनी बदलीची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते बहुतेक आईंनाच माहीत असेल. बोलणं तिथून सुरू करायला हरकत नाही.